आधी वळख, मग चहा

आमच्या कॉलेजात एका खोलीचं दार असं होतं, की त्यावर टकटक करून नुसतं "मी हाय" म्हटलं तर ते उघडायचं नाही.

आतून आवाज यायचा, "मी म्हणजे कोण?"

"अहो सर, मी!"

"मी तर इथं सगळेच हायत. नाव सांगा, काम सांगा."

मग तुम्ही वर्षानुवर्षं त्या माणसाच्या शेजारी बसून डबा खाल्लेला असो, नाहीतर खुद्द प्राचार्य असा. नाव सांगायचं, काम सांगायचं, मगच कडी निघणार. आता आमच्या कळंबात दारावर कुणी "कोण?" विचारलं की माणूस "मी" म्हणतो आणि सरळ आत येतो. आवाजावरून ओळखायचं असतं. नाव सांगायला लावलं तर पाहुणा फुगून बसतो. फुगला तर फुगला, मोमीन सरांचं दार काही उघडायचं नाही. उघडलं की मात्र तोंडभर हसायचे आणि म्हणायचे, "आधी वळख, मग चहा. या मॅडम, बसा." चहा खरोखरच यायचा, आणि तोही असा गोड की पहिल्या घोटाला दात शिवशिवायचे.

रफीक मोमीन. आमच्याकडच्या सायबर सुरक्षेच्या कोर्सचे सर. सर म्हणजे एकटेच. शिकवणारे तेच, लॅब सांभाळणारे तेच, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडणारेही तेच. अंगानं काटकुळे, उंच, आणि शर्टाच्या खिशाला कायम सेफ्टी पिन लावलेली. त्या खिशात फोन. टेबलाखाली वाकलं की फोन पडतो, म्हणून पिन. फोन वाजला की आधी पिन काढायची, मग फोन काढायचा, तोवर समोरच्यानं धीर धरायचा. मी एकदा म्हटलं, "सर, बटन तरी लावून घ्या." म्हणाले, "बटन कुणीबी उघडतं. पिन टोचती."

मी मराठीची. माझा त्यांच्या कोर्सशी संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण कंपन्यांना 'बोलता येणारी' मुलं लागतात, असं कुणीतरी वरून सांगितलं आणि प्राचार्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. म्हटलं, "सर, मी व्याकरण शिकवते, मुलाखती नाही." म्हणाले, "तेच ते." झालं! तेव्हापासून त्या कोर्सच्या वीस-बावीस पोरांना मान वर करून बोलायला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यामुळं पुढचं सगळं मला जवळून बघावं लागलं. नसतं बघावं लागलं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

संस्थेनं कोर्स काढला तेव्हा गेटवर मोठा बोर्ड लावला होता, 'नोकरीची हमी'. सरांना न विचारता. सरांनी तो बोर्ड पहिल्यांदा पाहिला तेव्हा सायकल हातात धरून कितीतरी वेळ खाली उभे होते. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "हमी कुणी दिली, मॅडम? सही कुणाची हाय त्याखाली?" सही कुणाचीच नव्हती. पण पोरांच्या आईबापांनी तो बोर्ड वाचून पोरं घातली होती, आणि त्या दिवसापासून सरांनी ती हमी स्वतःचीच धरली. त्यात प्राचार्यांनी त्यांना खोलीत बोलावून सांगितलं, की पहिली बॅच नोकरीला लागली तर कोर्स राहील आणि तुम्हीही राहाल. नाही लागली तर दोघांनाही नमस्कार. सर करारावरचे, त्यांना काय बोलता येणार? येऊन मला म्हणाले, "माझं सोडा. पण ह्या पोरांनी गावात सांगून ठेवलंय हो, पुण्याला चाललो म्हणून."

शिकवायची तऱ्हा बघा. पहिल्याच आठवड्यात पोरांना घेऊन एसटी स्टँडवर गेले. म्हणाले, "तासभर बसा. कोणती गाडी आली, कोण उतरलं, कोण चढलं, बघा. मग मला सांगा, नेहमीपेक्षा वेगळं काय दिसलं." लोक बघायला लागले, ही कसली सहल म्हणून. तासानं पोरं सांगायला लागली, ढोकीची गाडी उशिरा आली, लातूरच्या गाडीत जागेवरून भांडण झालं, असलंच काहीतरी. शेवटी अश्विनी उठली. ही पोरगी ढोकीची, वडील उसाचा ट्रॅक्टर चालवणारे, रोज एसटीनं ये-जा करायची. तिखट. ती म्हणाली, "सर, त्या कट्ट्यावरच्या माणसानं सगळ्या गाड्या सोडल्या. लातूरची सोडली, ढोकीची सोडली, बार्शीची बी सोडली. त्याला कुठं जायचंच न्हाय."

सरांनी भर स्टँडवर टाळी वाजवली. "शाब्बास! हेच तुमचं काम हाय. कंपनीच्या कॉम्प्युटरवर दिवसभर अशाच गाड्या येत्यात-जात्यात. त्यात कुठंच न जाणारा माणूस हुडकायचा. तोच चोर असू शकतो." तो माणूस बिचारा बायकोशी भांडून येऊन बसला होता, हे नंतर चहावाल्यानं सांगितलं. पण धडा मात्र पोरांच्या डोक्यात पक्का बसला.

दुपारी पोरं डबे खायला गेली, की सर कंपन्यांना फोन लावायचे. छापील अभ्यासक्रमात जे होतं ते कंपन्यांनी कधीच टाकून दिलेलं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून थेटच विचारायचे, "तुम्हाला काय येणारी पोरं पाहिजेत? सांगा, मी तयार करतो." निम्मे लोक हा काहीतरी विकतोय असं समजून फोन ठेवायचे. एका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आम्हाला अनुभव असलेली मुलं हवीत. सर म्हणाले, "तुम्ही घेतल्यावरच येईल की अनुभव." बाई म्हणाल्या, अनुभव असल्याशिवाय घेत नाही.

मी म्हटलं, "सर, आपल्याकडं म्हण आहे. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही."

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. चहाचा कप तसाच ठेवून म्हणाले, "मग वेड इथंच घालवू." आणि लातूरहून जुने कॉम्प्युटर आणून त्यांनी लॅबमध्ये एक खोटी कंपनी उभी केली. निम्मी पोरं कंपनी राखणार, निम्मी तीच फोडायला बघणार. आठवड्यानं पाळी बदलायची. कुणी कधी शिरलं, कुठून शिरलं, काय नेलं, सगळं लिहून काढायचं आणि माझ्या तासाला उभं राहून सांगायचं. मध्येच लाईट जायची. पोरं ओरडायची, "सर, लाईट!" सर अंधारातून म्हणायचे, "चोर काय लाईट बघून येतो का रं? कागदावर सांगा, काय केलं असतं." काय सांगू, ज्या पोरांना पहिल्या दिवशी स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं, ती वर्षअखेरीला माझ्यासमोर अशी बोलायला लागली की मलाच खुर्चीत नीट बसावं लागायचं.

आणि ते पगारवाढीचं प्रकरण! सरांनी एकदा सगळ्या स्टाफला एक मेल पाठवला. वर नाव संस्थेचं, खाली लिहिलेलं, 'पगारवाढीची यादी पाहण्यासाठी इथे दाबा.' दाबलं की काहीच उघडत नव्हतं, फक्त कुणी दाबलं ते सरांना कळत होतं. प्राचार्यांनी सगळ्यात आधी दाबलं. उघडेना म्हणून पुन्हा दाबलं. तरी उघडेना म्हणून क्लार्कला बोलावून त्याच्याकडून दाबून घेतलं! माझं विचारू नका. मीटिंगमध्ये सरांनी हे सगळं सांगितलं तेव्हा प्राचार्य लालबुंद झाले.

"सर, तुम्ही 'कोण' म्हणून विचारलं न्हाय," मोमीन सर म्हणाले.

"अहो, पगारवाढ म्हटल्यावर कोण विचारतं?"

सगळे हसले. मोमीन सर तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "खरंय सर तुमचं. गरज असली की माणूस विचारायचं विसरतो. चोराला तेवढंच ठाऊक असतं."

इतकं शहाणं बोलणारा माणूस. आणि हाच माणूस पुढं कसा फसला, ते आता सांगते.

शेवटच्या सत्रात एका कंपनीनं अश्विनीला फोन केला. पहिलाच फोन. घरात फोन एकच, आणि हंगामात तो वडलांकडं. ते कारखान्यावर ट्रॅक्टर घेऊन नंबरात उभे. पलीकडून बाई हिंदीत बोलायला लागली. वडील म्हणाले, "पोरगी कालेजात हाय, मागून करा." आणि ठेवून दिला. मागून कुणी केला नाही. अश्विनीनं संध्याकाळी त्या नंबरावर फोन लावला, तर तो एकेरी, पलीकडं फोन जातच नाही असला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिनं कुणाकडं बघितलंही नाही. दुसऱ्या एका पोराचं रिचार्ज संपलेलं, त्याचा निरोप असाच हुकला. सरांनी ते इतकं मनाला लावून घेतलं की दोन-तीन दिवस चहासुद्धा गोड नव्हता.

मग पुण्याची एक कंपनी कबूल झाली. सरांनी किती फोन केले असतील, देव जाणे. कंपनी म्हणाली, सगळ्या पोरांना आमच्या पोर्टलवर अर्ज करू द्या, ऑनलाईन परीक्षा देऊ द्या, पास होतील त्यांची मुलाखत घेऊ. अर्जात मोबाईल नंबर हवा, त्यावर ओटीपी येणार.

सर वर्गात उभे राहिले आणि म्हणाले, "सगळ्यांनी माझा नंबर टाका. माझा फोन बंद पडत न्हाय. ह्या खेपेला एकबी निरोप हुकू द्यायचा न्हाय."

हे ऐकून कुणालाही काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आमच्याकडं ही रीतच आहे. गॅसच्या नोंदणीला शेजारणीचा नंबर, शाळेत मामाचा, दवाखान्यात किराणा दुकानदाराचा. ज्याचा फोन लागतो, त्याचा नंबर. आमच्यात नंबर म्हणजे निरोप पोचायची जागा. नंबर म्हणजे माणूस, असं शहरातलं यंत्र धरून चालतं, हे आमच्या हाडात अजून गेलेलंच नाही. सरांनी पुस्तकातून ते शंभरदा शिकवलं असेल. पण त्या दिवशी ते शिकवणारे नव्हते, बाप होते.

मला ते दृश्य अजून दिसतं. पोरं कॉम्प्युटरपुढं, आणि सर मध्ये उभे राहून मोठ्यानं ओटीपी वाचतायत. "अश्विनी, तुझा आला. लिही." "गणेश, तुझा." पोरं हसतायत. मीही चिडवलं, "काय हो सर, ओटीपी बापालाही सांगू नये म्हणता ना?"

"बापाला न्हाय सांगायचा, मॅडम. बापानं लेकराला सांगायला काय हरकत?" आणि हसले. इतके मोकळे हसलेले मी त्यांना फार वेळा पाहिलेले नाहीत.

परीक्षा त्याच लॅबमधून झाली. अश्विनी बाहेर आली ती उड्या मारत. खोट्या कंपनीवर जे वर्षभर केलं, तेच विचारलेलं. पोरांनी त्याच दिवशी पुण्यात खोली कुणी कुणाबरोबर घ्यायची ते ठरवून टाकलं. अश्विनीच्या वडलांनी ढोकीच्या हॉटेलात ट्रॅक्टरवाल्यांना भजी खाऊ घातली.

निकाल आला तेव्हा मीच वर्गात होते, सर मागच्या बाकावर. आधी खिशात एकदा वाजलं. सरांनी पिन काढायला हात घातला, तोवर दुसऱ्यांदा वाजलं. मग तिसऱ्यांदा. मग एकामागोमाग, थांबेचना. पोरं उठून उभी राहिली, कुणीतरी शिट्टी मारली. गणेश म्हणाला, "सर, सगळ्यांचंच झालं की काय!" पिन निघेना. सरांच्या बोटाला ती टोचली, रक्त आलं. फोन काढून त्यांनी पहिला निरोप वाचला. मग दुसरा. मी वाट बघतेय, पोरं वाट बघतायत, आणि हा माणूस एकेक निरोप उघडून वाचतोय. शेवटचा वाचून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"सर, काय आलंय?" अश्विनीनं विचारलं.

त्यांनी वाचून दाखवलं. "एकाच व्यक्तीनं अनेक नावांनी अर्ज केल्याचं आढळलं. आपला अर्ज रद्द करण्यात येत आहे."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा. एखादा वेगळा असंल म्हणून सगळे वाचले. सगळे सारखेच हायत."

मग ते फळ्याकडं गेले. मला वाटलं आता काहीतरी समजूत काढतील. त्यांनी खडू घेतला आणि लिहिलं: नंबर एक. नावं अनेक. खोली एक. नेटची वायर एक. आणि वळून विचारलं, "पहाऱ्यावर बसल्यावर तुम्हाला असं दिसलं, तर काय म्हणाल?"

अश्विनीच म्हणाली, "चोर."

"बरोबर," सर म्हणाले. "त्यांचं काही चुकलं न्हाय. मी तिथं असतो तर मीबी हेच केलं असतं." आणि खडू ठेवायला गेले, तो खाली पडून फुटला. या अल्ला, म्हणून तिथंच खुर्चीवर बसले. मला रडू आवरेना. मी शिक्षिका, वर्गात रडू नये वगैरे सगळं ठाऊक आहे मला. पण आलं रडू, काय करणार?

त्यांनी कंपनीला मेल केले. उत्तर यायचं ते यंत्राचंच, 'या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.' फोन केला तर यंत्र सांगायचं, हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन. माणूस काही येईना. तेव्हा ठरलं, पुण्याला जायचं. समोर उभं राहून सांगायचं, की ही बघा खरी पोरगी, हिचे खरे कागद, बाकीचीही अशीच खरी आहेत. सर, अश्विनी आणि मी. माझी बहीण पुण्यात असते, म्हणून मी. बार्शीवरून जाणारी एसटी धरली. अश्विनीनं आईची चांगली पर्स घेतली होती, ती वाटभर मांडीवर घट्ट धरून बसली.

काचेची इमारत, गेटवर गार्ड. मिशीवाला, पन्नाशीचा माणूस.

"कोण? कुणाला भेटायचंय?"

सरांनी नाव सांगितलं, काम सांगितलं. अगदी त्यांच्या स्वतःच्या नियमानं. गार्ड म्हणाला, ज्यांना भेटायचं त्यांचं नाव सांगा, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी जाईल, तो इथं सांगा, मग सोडतो. आता नाव कुठून आणायचं? आम्हाला तर यंत्रानं नाकारलेलं, यंत्राला कुठलं नाव? सरांनी परत समजावलं. पोरीला पुढं केलं. कागद दाखवले. गार्ड ऐकत होता. मध्येच म्हणाला, "कुठले तुम्ही?"

"कळंबचे."

"आयला! मी भूमचा की!"

मला तर देवच भेटल्यासारखं झालं. मी लगेच पुढं सरसावले. म्हटलं, "अहो दादा, मग तुम्ही आपलेच की. घ्या ना आत. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे." आमच्याकडं गाववाला भेटला की निम्मं काम झालंच. त्यानं इकडंतिकडं बघितलं, आणि बाजूचं छोटं फाटक ढकललं. "पटकन जावा. दुसरा मजला. कुणी विचारलं तर माझं नाव घेऊ नका."

अश्विनी आत गेली. मी गेले. सरांनी एक पाय आत टाकला आणि थांबले. वर बघितलं. फाटकावर कॅमेरा होता.

"दादा, हे तुमच्यावर येईल," ते म्हणाले. "नोकरी जाईल तुमची."

"जाऊ द्या हो काका, तुम्ही जावा."

"न्हाय. घरी पोरं असतील तुमच्या." त्यांनी पाय मागं घेतला. "वळख न पटवता आत सोडायचं नसतं. तुम्ही आधी केलं तेच बरोबर. अश्विनी, ये बाहेर. मॅडम, या."

मला इतका राग आला! त्या क्षणी मी त्यांचं तोंड बघायला तयार नव्हते. अहो, एका फाटकाचा प्रश्न होता! पण अश्विनी मुकाट्यानं बाहेर आली, मग मीही आले. संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या पलीकडं उभे राहिलो. सुटायच्या वेळी लोक बाहेर पडायला लागले. गळ्यात ओळखपत्रं, कानात वायरी. सर एकेकाला थांबवायला बघत होते, "साहेब, एक मिनिट," आणि लोक हात हलवून पुढं जात होते. वर्गणी मागतोय असं वाटलं असेल त्यांना.

परतीच्या गाडीत अश्विनी खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "सर, आत जायला पाहिजे होतं."

सरांनी बोटानं खिशाची पिन चाचपली.

"तुमच्या नियमानं सगळ्यांचं भलं होतं. कंपनीचं होतं, त्या गार्डाचं झालं. आमचंच होत न्हाय."

मी अंधारात सरांकडं बघितलं नाही. बघवलंच नसतं.

कोर्स बंद झाला. बोर्ड मात्र पुढं कितीतरी दिवस तसाच होता, कुणी उतरवायलाच गेलं नाही. लॅबला कुलूप लागलं, आणि सरांना प्राचार्यांनी हार घालून निरोप दिला, नारळ दिला. सरांनी तो नारळ शिपायाच्या हातात दिला आणि सायकल काढली. गणेश पुण्याला गेला, गोदामात खोकी भरतो. बाकीची पोरं पांगली. अश्विनी ढोकीत एका सेवा केंद्रात बसून लोकांचे अर्ज भरते. मी एकदा कामाला गेले होते. एक म्हातारा तिच्याशी वाद घालत होता, "अगं, तुझाच टाक की नंबर, माझा कुठं लागतोय?" आणि ही म्हणत होती, "न्हाय बाबा. तुमचा स्वतःचा आणा. न्हायतर उद्या तुम्ही तुम्हीच हाय, हे कुणी मानणार न्हाय." म्हातारा शिव्या देत गेला. तिनं मला बघितलं, खुर्ची दिली. सरांविषयी विचारलं नाही. मीही त्यांचं नाव काढलं नाही.

परवा मला ढोकीला जायचं होतं, म्हणून दुपारी स्टँडवर गेले. तर कट्ट्यावर मोमीन सर. दाढी वाढलेली, शर्टाला तीच पिन. मला बघून उठले, "या मॅडम, बसा." म्हणाले, एका शाळेत पोरांना फसवणुकीविषयी चार शब्द सांगून आलो. पैसे? हसले. मी म्हटलं, "घरी निघालात?" म्हणाले, "निघू की." लातूरची गाडी लागली आणि सुटली. बार्शीची गेली. ते बसूनच होते. हातात फोन, आणि डोळे फोनवर.

"घरचे म्हणत्यात नंबर बदला," आपण होऊन सांगायला लागले. "सगळ्या पोरांच्या अर्जांवर हाच नंबर. त्या एकाच कंपनीच्या न्हाय, निकाल यायच्या आधी आणखी कितीक ठिकाणी भरले होते. तो कुठंकुठं गेला कोण जाणे. दिवसभर फोन येत्यात. कुणी गणेशला मागतं, कुणी अश्विनीला. सगळे फसवणारे. पण बदलला, आणि नेमका खरा फोन आला तर?"

मी काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी घाईनं कानाला लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, गुळगुळीत, तरुण. अश्विनीची निवड झालीय म्हणत होता, पुण्यात, सायबर विभागात. आज नोंदणीची रक्कम भरली तर उद्या पत्र.

मी वाट बघत होते, की आता विचारतील, कोण? मी म्हणजे कोण? नाव सांगा, काम सांगा. साऱ्या कॉलेजाला ज्या माणसानं दाराबाहेर उभं करून विचारलं, तो आता ह्याची कशी पिसं काढतो, ते मला बघायचं होतं.

त्यांनी विचारलं नाही. "व्हय, मी तिचा सर," म्हणाले. "बोला, बोला."

मग फोनवर पंजा ठेवून माझ्याकडं वळले. "फसवणारा हाय, मॅडम. पहिल्याच वाक्याला कळलं मला."

"मग ठेवा की हो!"

त्यांनी थांबा म्हणून हात केला. पंजा काढला आणि हळू आवाजात, जवळजवळ गयावया करत म्हणाले, "पैशाचं नंतर बघू हो साहेब. मला फक्त एक खरं सांगा. जागा हाय का, खरंच?"

ढोकीची गाडी लागली. कंडक्टर ओरडायला लागला, मला चढावं लागलं. खिडकीतून बघितलं, तर सर तसेच बसलेले होते. गाडीचा आवाज फार होत होता, म्हणून एका कानात बोट घालून, दुसऱ्या कानाला फोन घट्ट दाबून ते ऐकत होते.